सोरा ९-स्पीड झिजलंय: तेवढंच बदलू की सरळ १०५ वर जाऊ?

घाटवळण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सायकल अ‍ॅल्युमिनियम फ्रेमची रोड बाइक. शिमानो सोरा आर३००० गिअर संच (१०५ हा शिमानोचाच त्यावरचा संच), पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या चेनरिंग, मागे ९-स्पीड ११-३२ कॅसेट, म्हणजे ११ ते ३२ दात्यांच्या नऊ कॉगचा गठ्ठा, मेकॅनिकल डिस्क ब्रेक. चेन पहिल्यापासूनचीच आहे. चेन चेकरची (चेनची झीज टक्क्यांत दाखवणारी पट्टी) ०.७५ ची बाजू आरामात आत जाते, १.० चीही जवळजवळ पूर्ण बसते. मधल्या दोन कॉगवर उभं राहून जोर लावला की कटकन सटकते.

दुकानात सांगितलं की चेन, कॅसेट आणि दोन्ही चेनरिंग बदलाव्या लागतील. मग एवढा खर्च करताच आहात तर अजून थोडे घालून १०५ अकरा-स्पीड टाका. वापर म्हणाल तर सिंहगड, पानशेत रस्ता, पावसाळ्यातही चालूच, आणि डिसेंबरात ३०० किमीची बीआरएम (ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) डोक्यात आहे. काय करावं?

पाना_नंबर_दहा

आधी सटकण्याचं कारण नक्की करा, खर्चाचं नंतर. वेगवेगळी दुखणी पायाला एकसारखीच लागतात.

एक-दोन ठराविक कॉगवरच सटकत असेल आणि ते रोजच्या वापरातले असतील, तर दाते झिजलेत. कुठल्याही गिअरमध्ये ठरावीक अंतराने एकदाच टक्‌ होत असेल तर चेनमधली एखादी कडी आखडली आहे. चेन ११० कड्यांची धरली तर ५० च्या रिंगवर क्रँकच्या साधारण २.२ फेऱ्यांनी आणि ३४ वर ३.२ फेऱ्यांनी तीच कडी पुन्हा येते. मोजून बघा, लगेच कळतं. सगळ्याच गिअरमध्ये पाय सुटल्यासारखा पुढे जात असेल तर फ्रीहबचे (मागच्या चाकाच्या ज्या बॉडीवर कॅसेट बसते तो भाग) पॉल, म्हणजे आतले अडकणारे खटके, धरत नाहीयेत. आणि चेन शेजारच्या कॉगवर उडी मारून परत येत असेल तर ती झीज नाही, केबलचा ताण किंवा वाकडा हँगर (चेन सरकवणारा डिरेलर फ्रेमला जिथे लागतो तो तुकडा).

ही परीक्षा रिकाम्या रस्त्यावर आणि बसूनच करा. उभं राहून जोर लावताना सटकलं तर छाती हँडलवर आदळते.

घाटवळण

१६ आणि १८ वरच होतं. २४, २८, ३२ वर अजिबात नाही. शेजारच्या कॉगवरही जात नाही.

पाना_नंबर_दहा

मग प्रश्न मिटला, कॅसेट गेली. पुण्याच्या सपाट रस्त्यावर ५० ची रिंग आणि ९० ची कॅडन्स (मिनिटाला पॅडलच्या फेऱ्या) धरली तर १८ वर साधारण ३१-३२ चा वेग येतो आणि १६ वर ३५-३६ चा. ग्रुप राइडला माणूस या दोन कॉगवरच राहतो, म्हणून तेच आधी मरतात.

पावशेर

माझं मत दुकानदाराच्या बाजूने. चेन, कॅसेट, रिंगा, केबल, मजुरी असं सगळं धरलं तर बरीच रक्कम जुन्या सिस्टीमवर जाते. आज ना उद्या ११ वर जाणारच असाल तर हा खर्च वाया. १०५ चे शिफ्टर (हँडलवरचे गिअर बदलायचे लिव्हर) हातात घेऊन बघा, क्लिक हलका, लिव्हरचा प्रवास कमी, पुढचा डिरेलर लोण्यासारखा. सोरा वाईट नाही, पण १०५ ते १०५.

खडखडाट

चपलेचा अंगठा तुटला की पावशेर थेट मॅरेथॉनचे बूट घ्यायला लावतात.

पावशेर

@खडखडाट, आणि तुम्ही अंगठ्याला सेफ्टी पिन लावून ६०० करता. :)

दातेरी

पावशेर, "११ वर गेल्याने काय मिळतं" हे जरा दात्यांत मोजू या.

शिमानोची ९-स्पीड ११-३२ अशी असते: ११-१२-१४-१६-१८-२१-२४-२८-३२.
१०५ आर७००० ची ११-३२ अशी: ११-१२-१३-१४-१६-१८-२०-२२-२५-२८-३२.

दोन कॉग वाढले. त्यातला एक म्हणजे १३, जो ५० च्या रिंगवर उतारालाच लागतो. दुसरा २०-२२-२५ मध्ये, जिथे आधी २१-२४ होते. याचा फायदा खरा, खडकवासल्याकडच्या हलक्या चढाला जाणवेल. पण धागाकर्ता सगळ्यात जास्त जिथे असतात ती १४-१६-१८ ची उडी दोन्हींत तंतोतंत तीच आहे. सर्वात हलका गिअरही तोच, ३४/३२. म्हणजे सिंहगडावर अकरा-स्पीड काडीचाही हलका नाही.

चढ हलका करायचा असेल तर ९-स्पीडमध्येच ११-३४ मिळते (एचजी४००-९: ११-१३-१५-१७-२०-२३-२६-३०-३४). ३४/३४ म्हणजे एकास एक. ६० च्या कॅडन्सला वेग ८ वरून साधारण ७.६ वर येतो. सहा टक्के. ऐकायला कमी वाटतं, शेवटच्या वळणांवर कमी नसतं.

पावशेर

दात्यांचा हिशेब मान्य. पण तुम्ही शिफ्टिंगच्या दर्जाबद्दल बोलतच नाही आहात. गिअर किती हा एक भाग, तो पडतो कसा हा दुसरा.

केबलवाला

पावशेर, ज्या "कसा पडतो" बद्दल तुम्ही बोलताय त्यातलं निम्मं तर केबल आणि आउटरमध्ये (केबलवरच्या नळीत) असतं. आर३००० च्या शिफ्टरमध्ये गिअर केबल बार टेपखालून जाते, त्यामुळे लिव्हरपाशी तिला आखूड वळण मिळतं. तिथे ती एकेक तार करून तुटते. आधी मागचं शिफ्टिंग मऊ-मऊ वाटायला लागतं, मग लहान कॉगकडे जायला चेन आळस करते, मग एक दिवस केबल आतच तुटते आणि तिचं डोकं शिफ्टरमध्ये अडकतं. पावसाळ्यात चालवणाऱ्याने वर्षातून एकदा आतली केबल आणि आउटर दोन्ही बदलावेत. गिअरची केबल १.२ मिमी, आउटर ४ मिमीचा. ब्रेकचा ५ मिमीचा आउटर गिअरला वापरू नका. त्याची तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, ताणाखाली दबते आणि इंडेक्सिंग (एका क्लिकला बरोबर एक गिअर पडणं) बसत नाही. आउटर कापल्यावर आतलं प्लॅस्टिकचं तोंड टोच्याने उघडायला विसरू नका.

नवी केबल टाकलेला सोरा आणि गंजक्या केबलचा १०५ शेजारी ठेवा. सोरा जिंकतो.

कोकणकडा

मूळ मुद्द्याला एक गोष्ट जोडतो, कारण "चेन ताणली जाते" हे सगळे म्हणतात आणि त्यातून चुकीचे निष्कर्ष काढतात. धातू ताणला जात नाही. आतल्या प्लेटला जी कड असते (पूर्वीच्या चेनना तिथे वेगळी बुश असे) ती आणि पिन एकमेकांवर घासून झिजतात. प्रत्येक जोडात केसभर फट पडते आणि अंतर वाढतं. कोरी चेन पिन ते पिन १२.७ मिमी, म्हणजे बारा इंचात २४ जोड, ३०४.८ मिमी. ०.५ टक्के झीज म्हणजे बारा इंचात दीड मिमी, ०.७५ म्हणजे २.३, एक टक्का म्हणजे ३ मिमी. चेकर नसेल तर स्टीलची पट्टी पुरते. चेन सायकलवरच ताणलेली ठेवायची, शून्य एका पिनच्या मध्यावर धरायचा आणि बारा इंचाची रेघ पिनच्या किती मागे राहते ते बघायचं. दीड मिमी म्हणजे इंचाचा सोळावा भाग, तीन मिमी म्हणजे आठवा.

सर्वसाधारण नियम: ११ आणि १२-स्पीडला ०.५ ला चेन काढा, ८-९-१० ला ०.७५ ला. अंतर वाढलेली चेन दात्याच्या टोकाकडे चढून बसते, जोर थोड्याच दात्यांवर येतो, आणि दातेही त्या वाढीव अंतराच्या मापाने घासले जातात. मग कोरी चेन टाकली की ती त्या खाचांत बसत नाही आणि सटकते. धागाकर्त्यांच्या इथे जुनी चेनच सटकतेय, म्हणजे नव्या चेनवर तर नक्कीच सटकणार. चेन एकटी बदलून पैसे घालवू नका, कॅसेट सोबतच.

एक बारीक गोष्ट: दोन टोकांचे स्वस्त चेकर रोलरची ढिलाईही झीज म्हणून मोजतात आणि थोडं जास्त दाखवतात. तीन ठिकाणी टेकणारे चेकर हा दोष टाळतात.

शून्यखर्च

मी उलट पक्षाचा. ९-स्पीडची चेन आणि कॅसेट स्वस्त आहेत. ०.७५ ला चेन, मग पुन्हा ०.७५ ला चेन, असं सांभाळत बसण्यापेक्षा चेन-कॅसेट-रिंगा तिन्ही एकत्र मरेपर्यंत चालवा. एकत्र झिजलेले भाग एकमेकांशी बरोबर जुळतात. सटकायला लागलं की सगळं एकदम फेका. मधला चेकरबिकरचा ताप नाही.

कोकणकडा

शून्यखर्च, ८-९ स्पीडच्या सायकलला हे गणित बसू शकतं, नाकारत नाही. पण दोन अटी. एक, रिंगाही मरतात, आणि सोराच्या क्रँकला चार हातांची विषम मांडणी असल्याने बाजारातली कुठलीही ११० मिमी बोल्ट-वर्तुळाची पाच बोल्टची रिंग बसत नाही. त्याच मॉडेलची शोधावी लागते आणि दोन रिंगांची किंमत कधीकधी अख्ख्या क्रँकसेटच्या जवळ जाते. दुसरी अट, सटकायला कधी लागणार ते तुम्ही ठरवत नाही. ते बीआरएमच्या रात्री ठरतं.

मधला मार्ग: दोन चेन घ्या आणि आलटून पालटून चालवा. दोन्ही आणि कॅसेट सारख्या गतीने म्हाताऱ्या होतात.

निमूट

वाचतोय. +१ कोकणकडा.

रोटरडॅमहून

इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, चेन महिन्यात तांबडी. म्हणून रोजच्या सायकलींना हब गिअर आणि पूर्ण बंद चेनकेस. चेनऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्याही खूप दिसतात. पाणी, चिखल, वंगण काही नको.

खडखडाट

रोटरडॅमला घाट किती हो?

रोटरडॅमहून

पूल आहेत. वारा आहे. हसू नका.

दातेरी

पट्ट्यासाठी मागची फ्रेम उघडावी लागते, कारण पट्टा तोडून जोडता येत नाही. धागाकर्त्यांच्या फ्रेमवर शक्य नाही. पुढे.

जुळवणी

अपग्रेड करणाऱ्यांसाठी सुसंगततेचं एकदाच लिहून ठेवतो, दर दोन महिन्यांनी हाच प्रश्न येतो.

शिमानोचे जुने ८, ९ आणि १० स्पीडचे रोड डिरेलर एकाच केबल-प्रमाणावर (केबल जेवढी ओढली त्याच्या किती पट डिरेलर सरकतो) चालतात. शिमानोचाच टियाग्रा ४७०० संच दहा-स्पीड असूनही त्यात नाही. त्याचं प्रमाण ११-स्पीडचं आहे. त्यामुळे "सोराचा डिरेलर ठेवतो, फक्त ११ चे शिफ्टर घेतो" हे चालत नाही. ९ वरून ११ ला जायचं तर दोन्ही शिफ्टर, मागचा डिरेलर, पुढचा डिरेलर, कॅसेट, चेन, केबल. क्रँक आणि रिंगा राहू शकतात.

फ्रीहब: ११-स्पीड रोडची बॉडी जुन्या ८/९/१० च्या बॉडीपेक्षा १.८५ मिमी लांब. तुमची कुठली ते कॅसेट काढल्यावर कळेल. ९-स्पीड कॅसेटच्या मागे १.८५ मिमीची चकती निघाली तर बॉडी ११ ची आहे. ती चकती हरवू नका, नव्या ९-स्पीड कॅसेटलाही तीच लागणार. चकती नसेल तर बॉडी जुनी, आणि तिच्यावर ११-स्पीडची ११-३२ बसत नाही. पण एचजी७०० किंवा एचजी८०० ही ११-३४ कॅसेट बसते, कारण तिचे मोठे कॉग आत स्पोककडे झुकवलेले आहेत. उलट तीच कॅसेट ११ च्या बॉडीवर टाकायची तर १.८५ ची चकती घालावी लागते.

१०५ आर७१०० हे १२-स्पीड. त्याची कॅसेट ११ च्या रोड बॉडीवर बसते, जुन्या ८/९/१० वर नाही. २०२३ मध्ये आलेल्या शिमानोच्या क्यूज संचाचे शिफ्टर-डिरेलर यातल्या कशाशीच मिसळू नका.

पावशेर

जुळवणी, उत्तम प्रतिसाद. म्हणजे क्रँक सोडून सगळं. हे मी "अजून थोडे" म्हणणार नाही, मान्य.

दातेरी

नेमका हाच मुद्दा. झिजतं काय? चेन, कॅसेट, रिंगा, जॉकी व्हील (मागच्या डिरेलरमधली दोन लहान दातेरी चाकं), केबल. अपग्रेडमध्ये पैसे कशाला जातात? शिफ्टर आणि डिरेलरला. म्हणजे जे झिजलेलं नाही त्याला. झीज हे अपग्रेडचं निमित्त आहे, कारण नाही. शिफ्टरचं रॅचेट अडकतंय, डिरेलरचे पिव्होट इतके ढिले झालेत की बोटाने पिंजरा (जॉकी व्हील धरणारा भाग) डावीकडे-उजवीकडे हलतो, असं असेल तर बोलू. तसं काही धागाकर्त्यांनी म्हटलेलं नाही.

घाटवळण

डिरेलर हलवून बघितला, घट्ट आहे. चेनरिंगचं कसं ठरवू? ५० च्या रिंगचे काही दाते आखूड आणि तिरके दिसतात. दुकानात तेच दाखवून "गेली" म्हणाले.

पाना_नंबर_दहा

ते दाते कारखान्यातूनच तसे येतात! ३४ वरून ५० वर चेन चढावी म्हणून काही दाते मुद्दाम आखूड आणि पिळलेले असतात, आतल्या बाजूला रिव्हेट आणि उतार असतात. कॅसेटवरही तसेच कापलेले दाते दिसतील. झीज बघायची तर उरलेल्या साध्या दात्यांकडे बघा. दात्याची जोर घेणारी बाजू खणल्यासारखी आत गेली आहे का, टोक शार्कच्या पंखासारखं एका बाजूला कललंय का?

नक्की कसोटी नव्या चेनवर. नवी चेन टाकून मोठ्या रिंगवर घ्या, रिंगच्या सर्वात पुढच्या टोकाला चेन चिमटीत धरून पुढे ओढा. अर्धा दाता उघडा पडला तर रिंग गेली, जेमतेम हलली तर ठीक. छोट्या रिंगला वेगळं लक्षण: चढावर जोरात असताना चेन खालून सुटत नाही, रिंगला चिकटून वर फ्रेमपर्यंत ओढली जाते. चिखलातही असं होतं, म्हणून आधी धुऊन बघा. चांगल्या रिंगा दोन-तीन कॅसेट सहज बघतात. आत्ता घेऊ नका, चेन-कॅसेट टाकून मग ठरवा.

सोनचाफा

कॅसेट घरी बदलता येते का? हत्यारं काय लागतात? पाना वगैरे आहेत, टॉर्क पाना नाही.

पाना_नंबर_दहा

येते. चेन व्हिप (कॅसेट फिरू न देणारा चेनचा तुकडा लावलेला दांडा), शिमानोचं लॉकरिंग टूल (लॉकरिंग म्हणजे कॅसेट आवळून धरणारी रिंग), मोठा अ‍ॅडजस्टेबल पाना, चेन तोडायचं टूल, क्विकलिंकची (चेन जोडायच्या सुट्या कडीची) पक्कड. एवढ्यात काम होतं.

चाक काढा, चाक धरणारी दांडी (स्क्युअर किंवा थ्रू-अ‍ॅक्सल) बाजूला. लॉकरिंग टूल आत बसवा, चेन व्हिप मधल्या कॉगवर असा लावा की कॅसेट उलटी फिरणार नाही, आणि पाना घड्याळाच्या उलट दिशेने. पहिला झटका जोराचा लागतो, बोटं दात्यांपासून लांब. कॅसेट ओढून निघत नसेल तर बॉडी अ‍ॅल्युमिनियमची असून सुट्या कॉगनी तिच्या कण्यांत खाच पाडली आहे. मागून एकेक कॉग ठोकून उलटा फिरवत काढा आणि वर आलेली धार कानशीने घासून टाका. बॉडीवर ग्रीसचा पातळ हात फिरवा. नव्या कॅसेटची एक खाच बाकीच्यांपेक्षा अरुंद असते, ती जुळली की सरळ सरकते. सुट्या कॉगमधल्या चकत्यांचा क्रम पाकिटातून काढतानाच फोटो काढून ठेवा. एक चकती उलटसुलट झाली की दोन गिअर कायम खरखरतात आणि माणूस डिरेलरला दोष देत बसतो.

लॉकरिंग ४० न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर २५ सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकाला साधारण १६ किलोचा जोर. कडक-कडक असे पाच-सात आवाज येऊन घट्ट होते. घट्ट झाल्यावर सर्वात मोठा कॉग हाताने हलवून बघा, जराही डुलता कामा नये. डुलला तर १.८५ ची चकती राहिली आहे.

केबलवाला

चेनबद्दल एक इशारा, कारण नाक्यावरच्या दुकानात अजून हे चालतं. जुन्या इंग्लिश सायकलच्या सवयीने चेनची पिन अर्धी बाहेर ढकलतात आणि तीच परत आत ठोकतात. ९-स्पीडच्या चेनला हे करू देऊ नका. पिनची टोकं कारखान्यात फुलवलेली असतात, एकदा ढकलली की ती फुलवण तुटते आणि जोरात असताना प्लेट सुटते. ९-स्पीडचाच क्विकलिंक वापरा. चेनची जाडी स्पीडनुसार कमी होत जाते, १० चा लिंक ९ वर बसत नाही आणि ८ चा ढिला राहतो.

सोनचाफा

आणि नवी चेन कापायची किती? जुनीशेजारी लटकवून तेवढीच?

कोकणकडा

लटकवून नाही, कड्या मोजून! एक टक्का झिजलेली ११० कड्यांची चेन कोऱ्या चेनपेक्षा १४ मिमी लांब असते, म्हणजे एका कडीपेक्षाही जास्त. शेजारी धरून कापली तर हिशेब चुकलाच.

आणि ११-३४ घेणार असाल तर मोजूनही जुना आकडा वापरू नका. चेन डिरेलरमधून न नेता मोठी रिंग आणि सर्वात मोठा कॉग यांच्यावरून गुंडाळा, दोन टोकं भेटतात तिथून पुढे दोन कड्या (एक आतली, एक बाहेरची) जास्त ठेवा. क्विकलिंक स्वतः बाहेरच्या कडीची जागा घेतो हे धरूनच तोडा. आखूड कापली तर चुकून ५०-३४ चा गिअर पडला की डिरेलर किंवा हँगर तुटतो. लांब कापली तर ३४-११ वर लोंबकळते, त्याने काही तुटत नाही.

धूळभरा

सगळे झीज झाल्यावरचं बोलताय. ती होते कशाने? वंगणाने. रॉकेलमध्ये चेन बुडवा, सुकवा, इंजिन ऑइलचे चार थेंब. वर्षानुवर्षं हेच.

शून्यखर्च

रॉकेल मिळतं कुठे आता? मी डिझेल.

पाना_नंबर_दहा

डिझेल मळ काढतं पण मागे तेलाचा थर सोडतं, त्यावर धूळ बसते. वापरलंच तर नंतर साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा. पेट्रोल नको, भडका उडतो. इंजिन ऑइल जाड असतं, ते बाहेरच्या बाजूला राहतं आणि धूळ गोळा करतं. तेल आणि वाळू मिळून घासायची पेस्टच तयार होते. पुण्यातली रस्त्यांची कामं बघता हे फार महागात पडतं.

साधी पद्धत: प्रत्येक रोलरवर एकच थेंब, आतल्या बाजूने. मागे पॅडल फिरवा, दहा मिनिटं थांबा, मग फडक्याने बाहेरून कोरडी होईपर्यंत पुसा. बाहेर दिसणारं तेल काही कामाचं नसतं. पावसात चालवून आल्यावर त्याच संध्याकाळी पुसून तेल द्या, सकाळपर्यंत ठेवलं तर गंज धरतो.

धूळभरा

आणि मेण? हल्ली सगळे मेण-मेण करतात.

कोकणकडा

कोरड्या महिन्यांत मेणाला तोड नाही, धूळ चिकटतच नाही. पण कोऱ्या चेनवरचं कारखान्यातलं ग्रीस पूर्ण निघाल्याशिवाय मेण आत शिरत नाही. पॅराफिन वितळवायचं ते पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून, थेट गॅसवर कधीच नाही. चेन हलवत बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढा. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र एका भिजलेल्या राइडमध्ये धुऊन जातं. तेल वापरणारे असाल तर उलट करा, कोऱ्या चेनचं ग्रीस ठेवा, फक्त बाहेरून पुसा.

खडखडाट

ड्राइव्हट्रेनचा धागा तळणीच्या तेलावर आला. चला, आता टायर.

दातेरी

गंमत केलीत, पण टायर खरंच. १०५ आणि सोरातल्या फरकाच्या पैशात चांगल्या मऊ केसिंगचे २८ किंवा ३२ मिमीचे टायर येतील आणि वर बरेच उरतील. ३०० ला २० तास मिळतात. त्या वेळात हात, पाठ आणि वेग या तिन्हींना टायरचा फरक कळतो, १३ च्या कॉगचा नाही.

पावशेर

बरं, माझा मुद्दा आता नेमका मांडतो. अपग्रेड करायचं तर ते ब्रेकसाठी करा. १०५ च्या हायड्रॉलिक शिफ्टरनी भिजलेल्या उतारावर दोन बोटांत थांबता येतं, मेकॅनिकल डिस्कला दर आठवड्याला पॅड जवळ आणत बसावं लागतं. गिअर बोनस समजा. पण त्यासाठी कॅलिपर, होज सगळंच बदलणार, म्हणजे अर्धी सायकल. तेवढं बजेट असेल तर पूर्ण नवी किंवा चांगली वापरलेली सायकल बघावी, जुनीवर टाकू नये. बजेट नसेल तर तुमचंच म्हणणं, चेन-कॅसेट.

खडखडाट

नोंद घ्यावी: पावशेर आणि दातेरी सहमत.

जुळवणी

"सोरा बंद पडणार, मग भाग मिळणार नाहीत" असं कोणी घाबरवलं तर: ९-स्पीडच्या चेन-कॅसेट फक्त शिमानोच बनवत नाही. केएमसीची एक्स९ चेन, सनरेसच्या आणि स्रॅमच्या ९-स्पीड कॅसेट शिमानोच्या ९ वर चालतात. कॉगमधलं अंतर सारखंच आहे.

घाटवळण

सर्वांचे आभार, दुकानात एवढं कोणी बोलत नाही. यादी अशी करतोय: एचजी४००-९ ११-३४, केएमसी एक्स९ दोन (आलटून पालटून), गिअरच्या दोन केबल आणि ४ मिमीचा आउटर, चेन तोडायचं टूल. रिंगा नवी चेन टाकून मग बघेन. जॉकी व्हील फिरवून बघितले, दाते टोकदार झालेत, तेही घेतो. काही राहिलं?

जुळवणी

मागचा डिरेलर लांब पिंजऱ्याचा आहे ना ते त्याच्या आतल्या बाजूवर बघा, जीएस लिहिलेलं हवं. आत्ता ११-३२ आहे म्हणजे बहुतेक तोच असेल, पण एसएस, म्हणजे आखूड पिंजऱ्याचा, निघाला तर ३४ घेऊ नका, पुन्हा ११-३२ च घ्या.

केबलवाला

जॉकी व्हील दोन्ही सारखे नसतात. वरचा बाजूला किंचित सरकतो, खालचा नाही. अदलाबदल झाली तर इंडेक्सिंग कधीच बसणार नाही. त्यांच्यावर दिशेचा बाण असेल तर तोही पाळा.

पाना_नंबर_दहा

आणि ३४ टाकल्यावर बी-स्क्रू (वरचा जॉकी कॉगपासून किती लांब राहील ते ठरवणारा) आवळावा लागेल. सर्वात मोठ्या कॉगवर असताना वरचा जॉकी आणि कॉगचे दाते यांत पाच-सहा मिमी फट ठेवा. घासलं तर मागे पॅडल मारताना गुरगुर ऐकू येते. एल स्क्रू (डिरेलरला स्पोककडे किती जाऊ द्यायचं ती लिमिट) पुन्हा तपासा, नाहीतर चेन ३४ वरून स्पोकमध्ये. नवी केबल आणि आउटर पहिल्या शंभरेक किलोमीटरमध्ये बसतात आणि ताण ढिला होतो, तेव्हा मोठ्या कॉगकडे जाताना अडखळायला लागेल. हँगर, लिमिट कशालाही हात लावू नका. डिरेलरवरचा बॅरल (केबलचा ताण बदलायचा फिरता नट) घड्याळाच्या उलट पाव फेरा, चालवून बघा, लागला तर अजून पाव.